विचारलं तर खरं सांगायचं

आमच्या रस्त्यावर त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. बस डेपोच्या कंट्रोल केबिनमध्ये उभी हयात गेली, म्हणून ते कंट्रोलर, आणि त्यांची बायको ती कंट्रोलरकाकू. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठल्या ड्रायव्हरने कुठल्या रूटवर जायचं, हे सगळं कंट्रोलर माइकवरून सांगत. आवाज असा खणखणीत की डेपोबाहेर फळं घेणारं गिऱ्हाईकसुद्धा दचकून मागे बघे. डेपो बंद झाला, ते निवृत्त झाले, माइक सुटला. आवाज मात्र सुटला नाही. नळाला पाणी कमी आलं, रस्त्यावरचा दिवा गेला, की कंट्रोलर वॉर्ड ऑफिसात हजर. नागरिक समितीवर त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं, पण ते आल्याशिवाय बैठक सुरू करायची कुणाची टाप नव्हती.

काकूंचा स्वभाव नेमका उलटा. पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पडदे शिवून द्यायचे. गिऱ्हाइकाशी बोलणंसुद्धा मापापुरतं. हल्ली मात्र काकूंचं लक्ष ठिकाणावर नसतं अशी कंट्रोलरांची तक्रार होती. चष्मा साखरेच्या डब्यात सापडे. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली आणि गॅस तसाच चालू. घराची किल्ली बाहेरून कुलपातच लटकलेली. "वय झालं तिचं," सलूनच्या खुर्चीत बसून ते सांगत. "मला डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं." सलूनवाला कात्री चालवत नुसता "हो, साहेब" म्हणे.

त्या वर्षी आमचं जुनं आरोग्य केंद्र पाडून नवं बांधायचं ठरलं. एरवी अशा गोष्टी वरून ठरूनच खाली यायच्या. भिंती उभ्या राहिल्या की आपल्याला कळायचं, इथे दवाखाना आहे. या वेळी आरोग्य खात्याने निराळीच टूम काढली. केंद्रात काय हवं, ते कसं चालावं, हे खात्याने आणि वस्तीने एकत्र बसून ठरवायचं. त्यासाठी एक तरुण अधिकारीण नेमली होती. पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला सॅक, आणि प्रत्येकाला "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून विचारायची सवय. कंट्रोलरांना ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. "अधिकाऱ्याने सांगायचं असतं. विचारत काय सुटलीय?"

तरी सभेची तयारी त्यांनी जोरात केली. तीन मागण्या तोंडपाठ केल्या. रात्रीचा डॉक्टर, जिन्याला पर्याय म्हणून लिफ्ट, आणि रांगेला टोकन. सभा रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये होती. निघताना त्यांनी काकूंनाही उठवलं. "चल, चार डोकी जास्त दिसली पाहिजेत." काकूंनी मशीनवर कापड झाकलं आणि निमूट चपला घातल्या.

हॉलमध्ये खुर्च्या ओळीत नव्हत्याच. वेगवेगळी टेबलं मांडली होती. एक गरोदर बायकांचं आणि लहान मुलांच्या आयांचं, एक रोजची गोळी लागणाऱ्यांचं, एक रात्रपाळीवाल्यांचं, एक घरात कुणाची तरी काळजी घेणाऱ्यांचं. ज्याने त्याने आपल्याला लागू पडेल तिथे बसायचं. ब्लडप्रेशरची गोळी कंट्रोलर रोज घेत, म्हणून ते त्या टेबलाकडे वळले. मागे बघतात तो काकू भलतीकडेच चाललेल्या.

"अगं, ते आपलं टेबल नव्हे. काळजी घेणाऱ्यांचं आहे ते."

"बसते जरा," काकू म्हणाल्या. "ओळखीची बाई आहे तिथे."

बायकांना ओळखीची बाई दिसली की संपलंच, असं म्हणून त्यांनी नाद सोडला.

बराच वेळ टेबलाटेबलावर बोलणी चालली. मग प्रत्येक टेबलाच्या वतीने एकाने उठून माइकवर सांगायचं असं ठरलं. पहिला नंबर अर्थातच कंट्रोलरांनी लावला. माइक हातात आला आणि जुना माणूस जागा झाला. त्यांनी तिन्ही मागण्या अशा खणखणीत मांडल्या की अधिकारीणसुद्धा लिहायचं थांबून ऐकत राहिली. टाळ्या पडल्या. ते तृप्त होऊन खाली उतरले आणि चहा प्यायला बाहेर अंगणात गेले. सलूनवाला तिथेच कप घेऊन उभा होता. हॉलमध्ये गर्दी मावत नव्हती म्हणून अंगणातल्या झाडाला एक कर्णा बांधला होता. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

रात्रपाळीवाल्यांचं झालं. मग एका बाईचा आवाज आला. कर्ण्यातून येणारा, थोडा फाटका, थरथरता.

"माझ्या घरी एक माणूस आहे," ती म्हणाली. "तसा धडधाकट आहे. चालतो, जेवतो, भांडतो."

आत थोडा हशा झाला.

"पण त्याला विसर पडायला लागलाय. छत्री विसरली, किल्ली विसरली, तसला विसर नाही. मी चहा देते. तो पितो. कप खाली ठेवतो आणि विचारतो, चहा देणार आहेस की नाही? मग मी परत करते. कारण आत्ताच दिला असं सांगितलं की तो चिडतो. वरून चिडल्यासारखा दिसतो. आतून घाबरलेला असतो. मला कळतं ते."

कंट्रोलरांनी चहाचा घोट घेतला आणि सलूनवाल्याला कोपराने ढोसलं. "कुणाची बायको रे ही? नवऱ्याची लक्तरं अगदी वेशीवर टांगायला निघालीय!"

सलूनवाला हसला नाही. कपात बघत राहिला.

"एकदा सकाळी उठला आणि खाकी शर्ट मागायला लागला," बाई सांगत होती. "पहिली गाडी सोडायचीय म्हणाला. मी म्हटलं, आज तुमची सुट्टी आहे. तेव्हा कुठे शांत झाला. दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. मला डॉक्टर नको, मशीन नको. आठवड्यातून एक दुपार हवी. कुणीतरी त्याच्याजवळ बसावं. मी झोपेन. बाकी काही नाही, नुसती झोपेन. फक्त त्याला कळू देऊ नका. हे असलं कळलं तर यांना सोसायचं नाही."

'यांना'. इतका वेळ 'तो' होता. त्या एका शब्दाला कंट्रोलरांचा कप हातात तसाच राहिला. एवढी वर्षं संसार केला, पण बायकोचा आवाज माइकवर त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. माइक त्यांचा होता. तिचा आवाज स्वयंपाकघरातून यायचा, मशीनच्या खडखडाटातून यायचा. कर्ण्यातून तो असा येतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मला त्यांनी नंतर सांगितलं. म्हणाले, "मी खाकी शर्ट आठवून बघितला. तिने सांगितलेली सकाळ आठवून बघितली. काही नव्हतं. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं झालं. ती खोटं बोलत असती तर मला राग आला असता. मला राग येईना. मला घाम आला."

त्यांनी सलूनवाल्याकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"साहेब, चहा निवतोय."

"मी काय विचारतोय?"

सलूनवाल्याने इकडेतिकडे बघितलं. सुटका नव्हती. "तुम्ही कधीकधी एकाच दिवशी दोनदा दाढीला येता, साहेब. सकाळी करून जाता, दुपारी परत येऊन खुर्चीत बसता. मग मी फेस लावतो आणि वस्तऱ्यातलं ब्लेड काढून ठेवतो. नुसताच फिरवतो. कातडीला लागायला नको म्हणून."

कंट्रोलरांचा हात आपोआप गालावर गेला. गाल गुळगुळीत होता. आज दाढी एकदा झाली होती की दोनदा, हे त्यांना सांगता येईना.

कप तिथेच ओट्यावर ठेवून ते रस्त्याला लागले. औषधाच्या दुकानातली बाई शटर वर करत होती. तिने नेहमीसारखी हाक मारली, "काय कंट्रोलर, घरी निघालात ना?" ही हाक ते रोज ऐकत आले होते. मोठ्या माणसाची लोक विचारपूस करतात असं त्यांना वाटे. आज त्यांनी ती नीट ऐकली. पुढे चावीवाला म्हणाला, "घरीच ना, कंट्रोलर?" कोपऱ्यावर बेकरीवाल्याने मान हलवली आणि हात केला तो नेमका त्यांच्या घराच्या दिशेने. अख्खा रस्ता त्यांना हाताला धरून घरी नेत होता. किती दिवस नेत होता कुणास ठाऊक. डेपोत ते गाड्या सोडायचे तसं हे लोक त्यांना एकमेकांकडे सोडत होते. या हातातून त्या हातात. आणि ते मात्र छाती काढून चालत होते!

काकू परत आल्या तेव्हा कंट्रोलर मशीनसमोरच्या स्टुलावर बसले होते. खिडकीचा पडदा ओढलेला होता. काकूंनी पिशवी ठेवली.

"लवकर आलात? मी हॉलमध्ये शोधलं तुम्हाला."

"बाहेर कर्णा होता," कंट्रोलर म्हणाले.

काकू उभ्या होत्या त्या भिंतीला टेकल्या.

"चारचौघांत?" कंट्रोलरांनी विचारलं. "चारचौघांत सांगितलंस?"

"चारचौघांना ठाऊकच होतं हो," काकू म्हणाल्या. "ठाऊक नव्हतं ते फक्त तुम्हाला."

"आणि लेकीला?"

"तिनेच तर आधी ओळखलं. फोनवर तुम्ही तिला तीच गोष्ट तीनदा सांगितली होती. ती फोन ठेवून रडली आणि मग मला परत फोन केला."

कंट्रोलर उठले. त्यांचा जुना आवाज परत आला, खिडकीची काच हादरेल असा. "विसरतेस तू! चष्मा साखरेत कोण ठेवतं? गॅस कोण चालू सोडतं? किल्ली कुलपात कोण ठेवून येतं?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. आणि त्या बघण्यातच त्यांना उत्तर मिळालं.

"मग तू हो का म्हणायचीस?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दर वेळी म्हणायचीस, हो, माझीच चूक झाली."

"तुम्ही मला विसराळू म्हणालात, मी विसराळू झाले. कुणीतरी व्हायलाच हवं होतं. तुम्हाला झेपलं नसतं."

त्या दिवशी दोघांनी जेवण उष्टावलं आणि उठले. कंट्रोलर पुढे बरेच दिवस म्हणायचे, बायको दुसऱ्या माणसाबरोबर गेली असती तरी एवढा हादरा बसला नसता. काकूंसमोरच म्हणायचे. काकू म्हणायच्या, "घेऊन जायला कोण बसलंय!"

पुढच्या आठवड्यात ते तावातावाने खात्याच्या ऑफिसात गेले. अधिकारिणीच्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "सरकारी सभेत माणसाच्या घरातलं चव्हाट्यावर आणता? परवानगी कुणाची घेतली?"

मुलगी उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "काका, तुम्ही तिथेच होतात हे मला माहीत नव्हतं. काकूंनी नाव घेतलं नव्हतं."

"नाव घ्यायची गरज होती का?"

"नाही," ती म्हणाली. "चुकलंच ते. पण एक विचारू? तुमच्यासारखं ज्यांना होतं, त्यांच्यासाठी आम्ही दुपारची सोय करायला निघालोय. आतापर्यंत प्रत्येक जण त्यांच्याविषयी सांगायला आला. त्यांच्यातलं कुणीच आलं नाही. त्यांना कळू न देता सगळं करायचं, असंच सगळे म्हणतात. तुम्ही याल का पुढच्या सभेला?"

"कोण म्हणून येऊ? समितीचा माणूस म्हणून की पेशंट म्हणून?"

"ते मला नाही माहीत," मुलगी म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि तिने तसं सरळ सांगितलं, हे कंट्रोलरांना पहिल्यांदाच आवडलं.

तिच्याच सांगण्यावरून ते डॉक्टरांकडे गेले. काकू बरोबर होत्या. डॉक्टरीणबाईंनी तीन साधे शब्द सांगितले आणि म्हणाल्या, हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारते. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. डेपोतल्या गाड्या, रूट, ड्रायव्हरांच्या खोड्या. कंट्रोलर रंगात आले. जुन्या रूटचे थांबे त्यांनी एका दमात म्हणून दाखवले, एकही न चुकता. डॉक्टरीणबाई हसल्या, काकू हसल्या. मग बाईंनी विचारलं, "आता ते शब्द सांगा बघू."

"कुठले शब्द?" कंट्रोलर म्हणाले.

शब्द न आठवणं त्यांना समजलं असतं. आपल्याला शब्द दिले गेले होते हेच त्यांच्या गावी नव्हतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, या बाई आपली थट्टा करताहेत का म्हणून. काकू आपल्या पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होत्या. कंट्रोलर खुर्चीतच मागे रेलले आणि मोठ्याने म्हणाले, "अरे बाप रे." डॉक्टरीणबाई पुढे पुष्कळ काही बोलल्या. गोळ्यांनी थोडं सावकाश होईल, बरं होणार नाही. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. दवाखान्यातून बाहेर पडल्यावरही फूटपाथवर उभं राहून ते तेच म्हणत होते, "अरे बाप रे."

दुसऱ्या सभेला ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले. इस्त्रीचा शर्ट, वहाणा पुसलेल्या. सरळ काळजी घेणाऱ्यांच्या टेबलाशी गेले, खुर्ची ओढली आणि काकूंच्या समोर बसले. टेबलावरच्या बायका एकदम गप्प झाल्या. एकीने तर हातातला कागद उलटा केला.

"चालू द्या," कंट्रोलर म्हणाले. "तुम्ही माझ्याविषयीच बोलत होता ना?"

खात्याचा एक वरिष्ठ माणूस त्या दिवशी आला होता. त्याने आराखडा समजावून सांगितला. तळमजल्यावर दोन खोल्या, खाली रबरी फरशी, दाराला बाहेरून कडी. माणसांना आरोग्य तपासणी म्हणून आणायचं. तपासणी लांबली असं सांगायचं आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवायचं. म्हणजे त्यांनाही त्रास नाही, घरच्यांनाही नाही.

"बाहेरून कडी?" कंट्रोलरांनी विचारलं.

"सुरक्षेसाठी, काका."

"गुरांच्या गोठ्याला असते तशी?"

तो माणूस गडबडला. सलूनवाला समितीतर्फे शेजारच्या टेबलावर बसला होता, तो उठून म्हणाला, "कडी कशाला? दार रस्त्यावर उघडतंय. समोर माझं दुकान, बाजूला औषधवाल्या ताई, पुढे बेकरी. कुणी बाहेर पडलंच तर आम्ही आहोत की. इतके दिवस काय करतोय दुसरं?"

खात्याच्या माणसाने हे लिहून घेतलं. पण जबाबदारी कुणाची, काही झालं तर उत्तर कोण देणार, यावर घासाघीस सुरू झाली आणि ती चांगलीच लांबली. शेवटी असं ठरलं की कडी नको, खात्याचा एक माणूस दारात बसेल, आणि रस्त्यावरच्या दुकानदारांना खातंच रीतसर शिकवेल. म्हणजे कुणाला कसं थांबवायचं, कसं बोलायचं, कुणाला फोन करायचा. दुकानदार खूश झाले. कंट्रोलर झाले नाहीत.

ते उभे राहिले. माइक नव्हता, लागलाही नाही. "तपासणी आहे असं खोटं सांगून मला आणायचं नाही. जे करायचं ते मला सांगून करा. मी विसरलो तर परत सांगा."

समोरून काकू बोलल्या. "दर वेळी सांगायचं?"

"हो."

"आणि दर वेळी तुमचं तोंड तसं होईल, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर झालं तसं? तुम्ही विसराल हो. मला लक्षात राहतं. रोज नव्याने तुम्हाला हे ऐकवायचं, आणि रोज नव्याने तुमच्याकडे बघायचं, हे कुणी करायचं? मी?"

हे कंट्रोलरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याला बसलेला धक्का हा एकदाचा धक्का आहे, तो आता बसून गेला, असं ते धरून चालले होते. तो पुन:पुन्हा बसणार, दर वेळी पहिल्यासारखाच, आणि समोर दर वेळी हीच बाई उभी असणार! ते खाली बसले. टेबलावरची एक म्हातारी, जिच्या घरी असाच भाऊ होता, तिने न बोलता पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

पाणी पिऊन ते म्हणाले, "बरं. आपणहोऊन सांगू नका. पण मी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं. आणि ते हिने सांगायचं नाही, तुम्ही सांगायचं. हिला झोपू द्या."

अधिकारिणीने डोळे पुसले नाहीत, नुसतेच मिचमिचवले, आणि तिथल्या तिथे सगळ्या टेबलांना विचारलं. एकदोघांनी कुरकुर केली. एका लेकाचं म्हणणं पडलं की आपल्या आईला खरं सांगितलं तर ती जीव देईल. त्यावर ठरलं की प्रत्येकाला अगदी सुरुवातीलाच, कळतंय तोवर, विचारून ठेवायचं की तुम्हाला पुढे कसं सांगावं. कंट्रोलरांनी आपलं सांगून ठेवलंच होतं.

केंद्र उभं राहायला दीडेक वर्ष गेलं. लिफ्ट झाली, टोकन झालं, रात्रीचा डॉक्टर अजून व्हायचाच आहे. तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणाऱ्या दोन खोल्या झाल्या. तोवर कंट्रोलर बरेच खालावले होते. रूट अजून तोंडपाठ, पण लेक भेटायला आली की तिला ते आपली बहीण समजत. पहिल्या दुपारी काकूंनी त्यांना तिथे सोडलं, घरी येऊन आडव्या झाल्या, आणि झोप काही येईना. मशीनवरचं काम उरकावं म्हणून उठल्या तर हात चालेना. मग नुसत्याच भिंतीकडे बघत पडून राहिल्या. झोप लागायला तीन आठवडे गेले. लागली तेव्हा अशी लागली की केंद्रातला माणूस कंट्रोलरांना घेऊन दारात आला, बेल वाजवून दमला, तरी उठल्या नाहीत. शेवटी चावीवाल्याला बोलवावं लागलं. आपल्याच घराचं कुलूप काढलं जाताना बघून कंट्रोलर ओरडत होते, "चोर! चोर!"

तिकडे केंद्रात त्यांचा प्रश्न ठरलेला. गप्पा मारता मारता मध्येच खोलीभर नजर फिरवायचे आणि विचारायचे, "मी इथे का येतो?" आणि ठरल्याप्रमाणे तिथली माणसं खरं सांगायची. तुम्हाला विस्मरणाचा आजार आहे, तुम्ही दुपारी इथे बसता. मग तो चेहरा. कधी ओरडायचे, कधी गालावर हात ठेवून गप्प बसायचे, कधी दाराकडे चालू लागायचे.

सलूनवाला दुपारी दुकान मंद असलं की तिथे जाऊन बसे. एकदा कंट्रोलरांनी प्रश्न त्यालाच विचारला. तो म्हणाला, "दाढीला आलात की, साहेब." कंट्रोलर म्हणाले, "हां, हां," आणि मजेत बसले.

केंद्रातल्या बाईने हे ऐकलं. तिने अधिकारिणीला सांगितलं, आणि अधिकारिणीने समितीत. काकू सलूनवाल्यावर संतापल्या. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. "त्यांनी एकच मागितलं होतं तुमच्याजवळ! एकच!"

"माझ्याच्याने होत नाही, काकू," सलूनवाला म्हणाला. "दर वेळी फाशीची शिक्षा वाचून दाखवल्यासारखं वाटतं. त्यांना वाटत नसेल एवढं मला वाटतं."

अधिकारीण म्हणाली, "त्यांनाच विचारू या."

"त्यांना काय कळणार आता?" कुणीतरी म्हणालं.

"नाही कळलं तर नाही कळलं."

सगळे खालच्या खोलीत गेले. कंट्रोलर खिडकीपाशी बसले होते. अधिकारीण त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि सावकाश, तुकड्यातुकड्याने तिने सगळं सांगितलं. तुम्ही विसरता. तुम्ही इथे येता. तुम्ही म्हणाला होता, विचारलं तर खरं सांगा. आम्ही सांगतो, आणि तुम्हाला फार धक्का बसतो. काय करू या?

आम्हाला वाटलं, नुसते बघत राहतील. किंवा काहीतरी तिसरंच बोलतील. चेहरा झालाच तो, आम्ही सगळ्यांनी पाहिला. तोंड उघडं, डोळे मोठे, हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेले. काकूंनी मान फिरवली.

मग कंट्रोलरांनी विचारलं, "कसं सांगता? उभ्या उभ्या?"

अधिकारिणीने केंद्रातल्या बाईकडे पाहिलं. बाई म्हणाली, "हो. म्हणजे, ते विचारतात तेव्हा आम्ही असू तिथूनच."

"असं कुणी सांगतं का?" कंट्रोलर चिडून म्हणाले. डेपोत नव्या पोराला झापावं तसं. "ड्रायव्हरच्या घरून वाईट बातमी आली तर मी माइकवरून सांगायचो का? केबिनमध्ये बोलवायचो. बसवायचो. चहा पाजायचो. मग सांगायचो. आधी बसवा, आधी चहा द्या. मग खरं सांगा."

अधिकारीण तशीच उकिडवी बसून राहिली, तिच्या पायाला मुंग्या आल्या असतील. सलूनवाला उठला आणि कोपऱ्यातल्या किटलीचं बटण दाबून आला.

तेव्हापासून तिथे तसंच करतात. फक्त कंट्रोलरांच्या बाबतीत नाही, सगळ्यांच्याच. कुणी विचारलं, मी इथे का आहे, की कुणीतरी खुर्ची जवळ ओढतं, चहा होतो, आणि कप अर्धा झाल्यावर सांगतात. धक्का बसतोच. कप सांडतात, माणसं रडतात. सलूनवाला आता खोटं बोलत नाही, पण सांगताना अजूनही त्याची नजर फरशीवर असते. कंट्रोलर हल्ली प्रश्न विचारायचेच कमी झाले आहेत. काकूंनी आठवड्याच्या दोन दुपारी मागून घेतल्यात. एका दुपारी झोपतात, आणि दुसऱ्या दुपारी समितीत जाऊन रात्रीच्या डॉक्टरसाठी भांडतात.